हर्नियाच्या ऑपरेशननंतर परत धनुष्य हातात घ्यायचंय? घाई करू नका भो, आधी हे वाचा

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी मी पलंगावरूनच कोचला फोन लावला आणि विचारलं, सर किती दिवसात येऊ ग्राउंडवर? सर म्हणे आधी खोकून दाखव. उशी पोटाला दाबून धरली आणि खोकायला गेलो तर डोळ्यातून पाणीच आलं. सर म्हणे बस, एवढंच बघायचं होतं, ठेव फोन.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडचा. घरची केळी आहे, वय ४३, आणि गेली काही वर्षं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) मारतो, ताण ३८ पाउंड, अंतर ७० मीटर. हर्निया उजव्या जांघेत झाला, केळीचे घड उचलून झाला की बद्धकोष्ठाने की धूळ खाऊन खाऊन खोकल्याने, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. बहुतेक तिन्हीचा हातभार असतो. पुरुषांमध्ये हे इतकं कॉमन आहे की साधारण चारातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो, त्यामुळे लाजायचं काही कारण नाही. आपल्याकडे "आतडी उतरली" म्हणतात आणि लंगोट घट्ट बांधून वर्षानुवर्षं फिरतात, ते मात्र करू नका.

घरी पडल्या पडल्या मी नेटवर शोधत होतो की ऑपरेशननंतर धनुष्य कधी ओढायचं, तर जे काही सापडलं ते सगळं अमेरिकेतल्या शिकारवाल्यांसाठी. तिकडे बाणाने हरणाची शिकार करायचा सीझन असतो, लोक झाडावर मचाण बांधून साठ-सत्तर पाउंडचं कंपाउंड (चाकं आणि केबलवालं धनुष्य) घेऊन बसतात आणि मग मेलेलं हरीण जंगलातून ओढत गाडीपर्यंत आणतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे, मक्यात डुकरं घुसली तरी आपण बाण काढायचा नसतो, फॉरेस्टवाल्यांकडे नुकसानीचा अर्ज करायचा असतो. म्हणून हा लेख टार्गेटवर मारणाऱ्यांसाठी आहे, आणि सातपुड्यात ज्यांच्या घरी तिरकामठा भिंतीला टांगलेला असतो आणि होळीला खाली उतरतो त्यांच्यासाठी पण. अमेरिकेतल्या त्या शिकारवाल्यांची एक गोष्ट मात्र मला पटली, ते सीझनच्या तारखेपासून उलटं मोजतात. आपणही निवड चाचणीच्या तारखेपासून उलटं मोजावं, निदान १२ आठवडे हातात ठेवावे आणि मग ऑपरेशनची तारीख घ्यावी.

तुमचं ऑपरेशन नेमकं कोणतं झालं ते आधी कागदावर घ्या

"हर्नियाचं केलं" एवढ्यावर भागत नाही. जांघेचा वेगळा, बेंबीचा वेगळा आणि आधीच्या ऑपरेशनच्या टाक्यातून वर आलेला तर फारच वेगळा. मी खाली जे आठवडे सांगतोय ते जांघेच्या, एका बाजूच्या, साध्या हर्नियाचे. जुन्या टाक्यातला मोठा हर्निया असेल तर पोटाची पूर्ण भिंतच नव्याने शिवलेली असते, तिथे महिने लागतात आणि तुमचा सर्जन सांगेल तेच खरं.

जांघेच्याही दोन तऱ्हा. एक उघडं ऑपरेशन, त्यात जांघेवर पाच-सहा सेंटिमीटरचा छेद देऊन आत जाळी बसवतात, त्याला लिक्टेनस्टाईन पद्धत म्हणतात. दुसरं दुर्बिणीचं, तीन छोटी भोकं पाडून जाळी आतल्या बाजूने लावतात. दुर्बिणीवाला साधारण लवकर हिंडाफिरायला लागतो, पण त्याला पूर्ण भूल लागते. जाळी न टाकताही करतात, पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांनी पोटाच्याच पडद्याची पट्टी वापरून शिवायची पद्धत काढली, २००१ मध्ये त्यांनी ती छापली आणि आज ती जगभर देसरडा नावानेच ओळखली जाते. हे आपल्या लोकांना माहीतच नसतं.

जाळी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते, खताच्या गोण्या ज्या प्लास्टिकच्या असतात त्याच जातीचं, अर्थात औषधी दर्जाचं. ती बसवल्याबरोबर पक्की होत नाही. तिच्या भोकांमधून आपलं मांस वाढतं आणि ते तिला धरून ठेवतं, मांडवाच्या जाळीत कारल्याचा वेल गुंतत जातो तसं. या गुंतण्याला काही आठवडे लागतात आणि तोवर जाळी टाक्यांच्या भरवशावर असते.

डिस्चार्ज घेताना चार गोष्टी विचारून तिथेच लिहून घ्या. कोणत्या पद्धतीने केलं, जाळी आहे का, आत काही अनपेक्षित दिसलं का, आणि वजन कधीपासून उचलू. आणि "मी धनुर्विद्या करतो" एवढंच सांगू नका, डॉक्टरच्या डोळ्यासमोर टीव्हीवरचं रामायण येतं. "मी १७ किलोचा ताण दिवसाला शंभरदा ओढतो" असं सांगा, मग ते पेन खाली ठेवून तुमच्याकडे बघतात.

आता एक गोंधळ. २०१८ साली आंतरराष्ट्रीय सर्जन लोकांनी हर्नियाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात म्हटलंय की साध्या, गुंतागुंत नसलेल्या ऑपरेशननंतर उगाच बंधनं घालू नका, पेशंटला बरं वाटलं की नेहमीची कामं सुरू करू द्या, अगदी तीन ते पाच दिवसांतही. आणि आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर सांगतात सहा आठवडे जड काही नको. माझं मत असं की चालणं, जिना, ऑफिस, बाजारहाट यात पहिलं ऐका आणि तुमच्या नेहमीच्या जड धनुष्याच्या बाबतीत दुसरं ऐका. सहा आठवडे थांबून तुमचं जातं काय? दोन-चार पॉइंट. ते परत येतात.

पहिले दहा दिवस

उठताना सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटा देऊन उठा. खोकला, शिंक आली की उशी किंवा तळहात जखमेवर दाबायचा. हे नर्सने सांगितलेलं असतं पण घरी आलं की माणूस विसरतो आणि एकदाच विसरतो.

चालणं ऑपरेशनच्याच दिवशी सुरू. आधी घरातल्या घरात, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं. पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते आणि पोटही फुगतं.

अंडकोष सुजतो, काळा-निळा पडतो, पोरं घाबरून जातात. उघड्या ऑपरेशननंतर हे बऱ्याच जणांना होतं आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं, घट्ट अंडरवेअर किंवा सपोर्टर घातला की ओढ कमी लागते. जखमेच्या जागी खाली टणक वळ लागतो, मांडीच्या वरच्या भागात बधिर वाटतं, ते पण चालतं. चालत नाही ते हे: ताप १०१ च्या वर, जखमेतून पू, लघवी अडकणं, उलट्या आणि पोट फुगून गॅससुद्धा न सरणं, पोटरी दुखून सुजणं, दम लागणं, किंवा खोकल्यावर जुन्याच जागी परत फुगा दिसणं. यातलं एकही झालं तर व्हॉट्सअॅपवर कोणाला फोटो पाठवत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

आणि चोळायला कोणालाही बोलवू नका. आमच्याकडे पोट दुखलं की "नाळ सरकली" म्हणून चोळणारी एक बाई प्रत्येक गल्लीत असते, माझी आई तिला बोलवायला निघालीच होती. नवीन जाळीवर अंगठे दाबून चोळणं म्हणजे ओल्या गिलाव्यावर नाचणं.

संडास, म्हणजे खरी परीक्षा

हे नीट वाचा कारण ऑपरेशननंतर पोटावर सगळ्यात जास्त जोर इथेच पडतो. भूल, वेदनेच्या गोळ्या आणि पडून राहणं, तिन्हीने पोट जाम होतं. ट्रामाडॉल असलेली गोळी दिली असेल तर आणखीनच. तिसऱ्या दिवशी भारतीय संडासात बसून कुंथणं हा प्रकार मी केला आहे, शिफारस करत नाही.

घरी कमोड नसेल तर प्लास्टिकची कमोड खुर्ची मिळते, मेडिकलवाल्याकडे भाड्यानेही मिळते कुठेकुठे. इसबगोल रात्री मोठा ग्लासभर पाण्यात, आणि त्यावर आणखी पाणी, नाहीतर ते उलट अडकतं. पपई खा, आपल्याकडे ती पण पिकते ना. पिकलेली केळी चालतात, अर्धकच्ची नको. दादरची (रब्बी ज्वारीची) भाकर आणि मुगाची पातळ डाळ हे माझं पंधरा दिवसांचं जेवण होतं. कळण्याची भाकर मला प्रिय आहे पण त्यातला उडीद गॅस करतो, ती तिसऱ्या आठवड्यानंतर. शेवभाजी, ठेचा आणि लवंगी मिरचीचं भरीत तोवर थांबवा, तिखटाने पोटात जी आग होते आणि मग जो ठसका लागतो तो जखमेला कळतो. दिवाळीच्या आसपास वांगी चांगली असतात म्हणून मुद्दाम तेव्हा ऑपरेशन घेऊ नका, तोंड मारून बसावं लागतं.

बिडी-सिगारेट असेल तर ऑपरेशनच्या आधी महिनाभर तरी सोडा. जखम भरायला उशीर लागतो तो एक भाग, पण मुख्य म्हणजे तो सकाळचा खोकला. पोटाच्या आतला दाब मोजणाऱ्यांना सापडलंय की खोकला आणि उडी मारणं यात तो दाब कित्येक वजन उचलण्यांपेक्षा जास्त जातो. म्हणजे तुम्ही २० पाउंडचं धनुष्य लांब ठेवून घरी खो-खो खोकत बसलात तर काय मिळवलं?

मोटारसायकलचा नियम साधा आहे, अचानक ब्रेक दाबताना आणि पाय टेकवताना दुखत नाही तोवर नाही. दहा-पंधरा दिवस तरी जातात. किक मारायची असेल तर अजून थांबा. आणि आमच्या रस्त्यांवरचे स्पीड ब्रेकर, ज्यांना कोणी मापच लावलेलं नाही, ते रिक्षात बसूनही कळतात, मागच्या सीटवर मधोमध बसा.

धनुष्य ओढताना पोटाला काय होतं

लोक म्हणतात अरे ते तर हाताचं आणि पाठीचं काम, पोटाचा काय संबंध. हिशोब करून बघा. ३८ पाउंड म्हणजे सव्वासतरा किलो. स्पर्धेत ७२ बाण, म्हणजे साडेबाराशे किलोच्या आसपास ओढून झालं, वॉर्मअप धरला तर अजून. हे सगळं खांद्याने ओढलं तरी धड सरळ ठेवायचं काम पोट आणि कंबर करते. धनुष्य जड झालं की आपण नकळत कंबरेतून मागे झुकतो, पोट पुढे येतं आणि जांघ ताणली जाते, नेमकी तीच जागा. वरून पूर्ण ओढून निशाणा धरला की श्वास कोंडतो. छाती बंद, पोट कडक, आतला सगळा दाब खाली.

म्हणून ऑपरेशननंतर पहिला व्यायाम धनुष्याचा नसून श्वासाचा आहे. तिसऱ्या दिवसापासून झोपून, गुडघे वाकवून, एक हात बेंबीवर. नाकाने श्वास घेताना पोट हलकेच वर, तोंडाने सोडताना आत. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसऱ्या आठवड्यात त्याच स्थितीत कंबर हलकीशी पलंगाला टेकवायची आणि सोडायची. बस, एवढंच. यूट्यूबवरचे सिक्स पॅक तीन महिने बंद.

माझ्या सरांनी एक युक्ती शिकवली ती इतकी कामाची आहे की आता मी नवीन पोरांनाही सांगतो. पूर्ण ओढून धरलं की मोठ्याने स्टेशनं म्हणायची: भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव. आवाज नीट निघाला म्हणजे श्वास चालू आहे. पाचोऱ्याला आवाज चिरकला म्हणजे तुम्ही कोंडताय, पाउंडेज (धनुष्याचा ताण) जास्त आहे, खाली उतरवा. गावचे लोक हसतात, हसू द्या.

तिसरा ते सहावा आठवडा

तिसऱ्या आठवड्यात चालणं ४० मिनिटांपर्यंत न्या, सकाळी. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं असेल तर साडेसहाच्या आत घरी, आपल्याकडे मे मध्ये ४५ च्या घरात पारा जातो आणि घामाने जखम चिघळते. चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, पाण्याची कळशी नाही, पोरगं नाही. केळीचा घड तर स्वप्नातही नाही. मजुरांसमोर मालकाने नुसतं उभं राहायला आपल्याला लाज वाटते, वाटू द्या.

चौथ्या आठवड्यात फिजिओवाले वापरतात तो रबराचा पट्टा घ्या, हलका पिवळा किंवा लाल. तो नसेल तर सायकलची जुनी ट्यूब कापून घेतली तरी चालते, फक्त ताण कमी लागेल एवढी लांब ठेवा. आरशासमोर उभं राहून धनुष्याचा पूर्ण फॉर्म करायचा, खांदे, कोपर, हनुवटी, आणि स्टेशनं. दोन सेट, दहा-दहा. आरशात आडवं उभं राहून बघा कंबर मागे कलते का. मला याच काळात कळलं की मी वर्षानुवर्षं मागे कलून मारत होतो, हर्निया झाला नसता तर कळलं नसतं.

पाचव्या आठवड्यात, दुखत नसेल आणि गोळ्या बंद असतील तरच, शिकाऊंचं १६ ते १८ पाउंडचं धनुष्य. "गोळ्या बंद असतील" याला महत्त्व आहे, गोळी खाऊन दुखत नाही याला दुखत नाही म्हणत नाहीत. पाच मीटरवर, टार्गेटचा कागद न लावता, १५-२० बाण, एक दिवसाआड.

आणि इथेच मी माती खाल्ली. ३६ वा दिवस. १८ पाउंडने वीस बाण छान मारले, काहीच दुखलं नाही, मी खूश. शेजारी एकाचा कंपाउंडचा बाण टार्गेटच्या फोममध्ये खोल रुतला होता, निघेना. मी म्हटलं आण इकडे. एक हात टार्गेटवर, एक पाय स्टँडला, आणि कंबरेतून वळून दिला हिसका. बाण निघाला, सोबत जांघेतून कळ निघाली ती थेट गुडघ्यापर्यंत. मी तिथेच मातीत बसलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने बघितलं, उभं करून खोकायला लावलं, म्हणे जाळी जागेवर आहे, स्नायू ताणलाय, आणि मग जे बोलले ते इथे लिहीत नाही. नऊ दिवस परत रबरावर. घरी आईने ऐकवलं ते वेगळंच: "आते गुपचूप घर बस, कामठा काय पयी जाई ऱ्हायना का?" म्हणजे, आता गुपचूप घरी बस, कामठा काय पळून चाललाय का?

तेव्हा कळलं की धनुष्य ओढण्यापेक्षा त्याच्या अवतीभवतीची कामं जास्त घातक. ती सांगतो.

बाण उपटणं हे सगळ्यात वाईट. तीन महिने दुसऱ्याला उपटू द्या. स्वतः काढायचाच तर बाण पकडायचा रबरी पुलर घ्या, बाणाच्या अगदी जवळ उभं राहा, एक हात बाणाशेजारी टार्गेटवर सपाट, आणि सरळ रेषेत, श्वास सोडत, वळायचं नाही. बाणाच्या टोकाकडच्या भागाला साबण चोळून ठेवला की फोममधून सहज निघतो.

धनुष्याला दोरी चढवताना पायात घालून वाकवायची जुनी सवय असेल तर सोडा, स्ट्रिंगर (दोरी चढवायला मिळते ती वेगळी दोरी) वापरा, तेही दुसऱ्याकडून. बांबूचा कामठा गुडघ्याने वाकवतात, त्यात जोर फार लागतो, तो तर दुसऱ्याकडूनच.

क्विव्हरचा, म्हणजे बाणांच्या भात्याचा, पट्टा नेमका जखमेवरून जातो. उजव्या हाताने मारणाऱ्याचा क्विव्हर उजव्या जांघेवर लोंबतो आणि बारा बाणांचं वजन तिथेच घासतं. सहा आठवडे जमिनीत खोवायचा स्टँड क्विव्हर वापरा, नसेल तर पीव्हीसी पाइपाचा तुकडा खोवा, त्याला वीस-तीस रुपयांच्या वर लागत नाहीत.

खाली पडलेला बाण कंबरेतून वाकून नाही, गुडघ्यातून बसून. आणि टार्गेटचा फोम, स्टँड उचलणं, जीपमध्ये चढवणं, हे सगळे एकदम विसरतात. ग्राउंडवर आपण सिनियर असतो, पोरं दोघं मिळून उचलत असतात आणि आपला हात आपोआप पुढे जातो. खिशात ठेवा तो हात.

सहाव्या आठवड्यानंतर चढत जायचं

आधी डॉक्टरला दाखवा, उभं राहून खोकून. मग घरच्या चार परीक्षा: जोरात खोकून दुखत नाही, दहा बैठका दुखत नाहीत, दहा किलोची पिशवी दोन्ही बाजूंना आलटून पालटून पन्नास पावलं नेता येते, आणि रबर पूर्ण ओढून चारही स्टेशनं होतात. चारातली एक नापास तर आठवडा पुढे ढकला.

मग असं. सातवा आठवडा २० पाउंड, दिवसाला ३० बाण, आठवड्यातून तीन दिवस. आठवा, २४ पाउंड आणि ४० बाण. पुढे एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची, पाउंड तरी नाहीतर बाण तरी, दोन्ही एकदम नाही. पाउंड वाढवायचे तर दोन ते चार. माझं नवव्याला २६, दहाव्याला २८ असं करत ३२ ला बाराव्या आठवड्यात आलो, आणि ३८ ला जायला अजून महिना लागला. रिकर्व्हचे लिंब (वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्या) बदलता येतात म्हणून हे सोपं, क्लबमध्ये कोणाकडे ना कोणाकडे हलके लिंब पडलेले असतातच. लिंबच्या बोल्टवर पाच-दहा टक्के इकडेतिकडे करता येतं, दोन्ही बोल्ट सारखेच फिरवा.

७० मीटरची घाई करू नका, आणि कारण निशाण्याचं नाही. सहा-सहा बाणांचे बारा फेरे, प्रत्येकाला जाऊन-येऊन १४० मीटर, म्हणजे जवळपास पावणेदोन किलोमीटर नुसतं चालणं, ते पण ढेकळातून. आधी १८, मग ३० मीटर.

कंपाउंडवाल्यांना वाटतं आपलं सोपं, कारण पूर्ण ओढल्यावर हातात फार थोडं वजन राहतं. खरं आहे, पण त्याच्या आधी जो ताणाचा डोंगर असतो तो पहिल्याच झटक्यात चढावा लागतो, आणि न मारता परत सोडायचं झालं की तो हिसका देऊन पुढे ओढतो. तो हिसका पोट धरतं. म्हणून बोल्ट ढिले करून पाउंडेज खाली आणा, कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या पुढे मात्र ढिले करायचे नाहीत, आणि त्यानेही पुरेसं उतरत नसेल तर दोन महिने कोणाचं तरी हलकं रिकर्व्ह वापरा. इगो दुखतो थोडा. आपल्या महाराष्ट्राचे ओजस देवतळे आणि अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंडचे जगज्जेते झाले तेव्हापासून आमच्याकडे पोरगं पहिल्या दिवशीच कंपाउंड मागतं आणि थेट ५० पाउंडला हात घालतं. जागतिक नियमात कंपाउंडची कमाल मर्यादाच ६० पाउंड आहे, हे त्यांना सांगा.

तिरकामठावाल्यांची अडचण वेगळी. बांबूचा कामठा, त्याला बोल्ट नाही, आकडा लिहिलेला नाही, आजोबांनी केला तेवढाच त्याचा जोर. तर असं करा, सामान मोजायचा हुकवाला काटा मिळतो, तो दोरीच्या मधोमध अडकवा आणि दुसऱ्या कोणाला तरी, तुम्ही नाही, तुमच्या नेहमीच्या ओढीइतका ओढायला लावा. काट्यावर जे किलो येतील ते भागिले ०.४५ म्हणजे पाउंड. अठरा किलो आले तर चाळीस पाउंड झाले, तो कामठा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातला. सुरुवातीला घरातल्या पोरांचा छोटा कामठा घ्या.

नंतरचं थोडं

जांघेत अधूनमधून टोचणं, पावसाळी हवेत ओढ लागणं हे सहा महिने राहू शकतं. पण तीन महिन्यांनंतरही रोज दुखत असेल, झोप मोडत असेल, तर सवय म्हणून सोडून देऊ नका, ऑपरेशननंतर साधारण दहातल्या एकाला असं रेंगाळणारं दुखणं राहतं आणि त्याच्यावर उपचार आहेत. सर्जनला परत भेटा, नाहीतर वेदनेवर काम करणाऱ्या डॉक्टरला.

प्रॅक्टिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतं ते वहीत लिहा, तारीख, पाउंड, बाण, दुखलं का. मारताना अंग गरम असतं, काही कळत नाही, दुसऱ्या सकाळी अंथरुणातून उठताना कळतं. दुखलं तर एक पायरी खाली, दोन दिवस सुट्टी.

आणि दुसरी बाजू. एका जांघेत झाला त्याला दुसऱ्या जांघेत व्हायची शक्यता असते, हर्नियाचा पट्टा इकडे घट्ट करून बाण मारले म्हणून तिकडचा थांबत नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा अंघोळीच्या वेळी उभं राहून, डाव्या जांघेवर तळहात ठेवून खोकून बघायचं. बोटांखाली काही फुगलं तर धनुष्य ठेवा आणि नंबर लावा. मी परवाच बघितलं, काही नाही, आणि त्या संध्याकाळी ३८ ला ४८ बाण मारले, बाण पोरांनी उपटले.